अंगावरून पांढरे जाणे, लघवीची जळजळ, जुना खोकला : जंतू ओळखणाऱ्या लॅब तपासण्या

‘अंगावरून पांढरे जाते, कंबर दुखते, लघवीला जळजळ होते.’ पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, वडवणी या भागातल्या कोणत्याही दवाखान्यात ही तक्रार रोज ऐकायला मिळते. तक्रार तीच असली तरी तिची कारणे वेगवेगळी असतात. कधी योनिमार्गातल्या जंतूंचा समतोल बिघडलेला असतो, कधी बुरशी असते, कधी मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग असतो. काही वेळा तर आजार काहीच नसतो, स्राव नैसर्गिक असतो. प्रत्येक कारणाचा उपचार वेगळा आहे. कारण ओळखायचे असेल तर पेशंटला तपासावे लागते आणि गरजेप्रमाणे लॅबमध्ये नमुना पाठवावा लागतो.

लॅबमध्ये त्या नमुन्याचे नेमके काय करतात, काचेवर रंग का टाकतात, कल्चरच्या रिपोर्टला दोन-तीन दिवस का लागतात आणि हातात आलेला कागद कसा वाचायचा, हे या लेखात सोप्या भाषेत सांगितले आहे.

थोडक्यात महत्त्वाचे

• जंतू ओळखण्याच्या चार पायऱ्या असतात : नमुना, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, कल्चर, आणि जैवरासायनिक चाचण्या. त्यानंतर कोणते औषध लागू पडेल हे तपासतात.
• रंग दिलेल्या काचेचा रिपोर्ट बहुधा त्याच दिवशी मिळतो. कल्चरला साधारण दोन ते तीन दिवस लागतात.
• अँटिबायोटिक सुरू करण्याआधी नमुना द्यावा.
• फक्त पांढरे जाते म्हणून गर्भपिशवी काढायची नसते. आधी कारण शोधायचे असते. बहुतेक कारणे गोळ्यांनी बरी होतात.

बीड जिल्ह्यात हा विषय का महत्त्वाचा आहे

बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा आहे. दिवाळीच्या सुमारास गाड्या भरून माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि पट्टा पडल्यावर उन्हाळ्यात परत येतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. फडात संडास नसतो, पाणी कमी असते, कोपीत अंघोळीला आडोसा नसतो. लघवीला वारंवार जावे लागू नये म्हणून बायका पाणीच कमी पितात. पाळीच्या दिवसात कपडा धुवायला आणि उन्हात वाळवायला जागा नसते. मूत्रमार्गाचा आणि योनिमार्गाचा जंतुसंसर्ग वाढायला एवढे पुरेसे असते.

एक दिवस खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो, उचल फिटत नाही. म्हणून दवाखाना पुढे ढकलला जातो. आजार जुना होतो आणि मग ‘पिशवी काढून टाका म्हणजे कटकट संपेल’ हा सल्ला पटायला लागतो.

२०१९ साली ही गोष्ट राज्यभर गाजली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड कामगार बायकांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे दर सहा जणींमागे साधारण एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण सुमारे ३ टक्के होते.

या सगळ्या शस्त्रक्रिया अनावश्यक होत्या असे म्हणता येणार नाही. काहींना खरेच गरज असेल. पण पांढरे जाणे आणि ओटीपोटात दुखणे या तक्रारींमागचा जंतू वेळेवर ओळखला, तर अनेकींना शस्त्रक्रियेपर्यंत जावेच लागत नाही. त्यासाठी लागणारी पहिली तपासणी साधी आणि स्वस्त असते : एक काच, दोन-तीन रंग आणि एक सूक्ष्मदर्शक.

पहिली पायरी : नमुना नीट देणे

नमुना चुकीचा घेतला तर पुढची सगळी तपासणी चुकते. नमुना देण्यात तुमचाही वाटा असतो.

लघवी : आधी हात आणि लघवीची जागा साध्या पाण्याने धुवा. लघवीची पहिली धार सोडून द्या, मधली धार लॅबने दिलेल्या निर्जंतुक डबीत धरा, शेवटची पुन्हा सोडून द्या. डबीच्या आत बोट लावू नका. घरातली औषधाची किंवा लोणच्याची बाटली धुऊन वापरू नका. नमुना दोन तासांच्या आत लॅबमध्ये पोहोचला पाहिजे. उशीर होणार असेल तर तो फ्रिजमध्ये ठेवावा लागतो. उन्हात दुचाकीच्या डिकीत राहिलेल्या डबीत जंतू भराभर वाढतात आणि नसलेला आजार रिपोर्टमध्ये दिसतो.

योनिमार्गातील स्राव : हा नमुना डॉक्टर किंवा नर्स कापसाच्या निर्जंतुक काडीने घेतात. त्याला एखादे मिनिट लागते आणि दुखत नाही. आदल्या दिवशी आतून धुणे, मलम किंवा गोळी ठेवणे टाळा. तपासणीच्या वेळी डॉक्टर गर्भपिशवीचे तोंडही पाहतात. ते पाहणे नमुन्याइतकेच महत्त्वाचे आहे. तपासताना सोबत महिला कर्मचारी असावी असे सांगण्याचा तुम्हाला हक्क आहे.

बेडका : सकाळी उठल्यावर चूळ भरा. उघड्या हवेत, इतरांपासून लांब उभे राहा. दोन-तीन वेळा खोल श्वास घ्या आणि छातीतून खाकरून बेडका काढा. नुसती थुंकी चालत नाही. थुंकी दिली तर टीबी असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो.

दुसरी पायरी : ग्रॅमचा रंग

जंतू इतके लहान आणि पारदर्शक असतात की हजार पट मोठे करूनही ते नीट दिसत नाहीत. म्हणून त्यांना रंग द्यावा लागतो. हान्स क्रिस्तियान ग्रॅम या डॅनिश डॉक्टरने १८८४ साली बर्लिनमध्ये काम करताना ही पद्धत शोधली. आजही जगातल्या प्रत्येक जंतुशास्त्र लॅबमध्ये कामाची सुरुवात तिथूनच होते.

पद्धत अशी असते :

१. नमुन्याचा पातळ थर काचेवर पसरतात, वाळवतात आणि ज्योतीवरून हलकेच फिरवतात. त्यामुळे थर काचेला घट्ट चिकटतो.
२. क्रिस्टल व्हायोलेट हा जांभळा रंग साधारण एक मिनिट ठेवतात.
३. मग आयोडीन टाकतात. त्याने जांभळा रंग पक्का बसतो.
४. अल्कोहोल किंवा अॅसिटोनने काही सेकंद धुतात.
५. शेवटी सॅफ्रनिन हा लालसर रंग देतात.

खरी परीक्षा चौथ्या पायरीवर होते. ज्या जंतूंची भिंत जाड असते ते जांभळा रंग धरून ठेवतात. त्यांना ग्रॅम पॉझिटिव्ह म्हणतात. ज्यांची भिंत पातळ असते त्यांचा जांभळा रंग निघून जातो आणि ते शेवटच्या लाल रंगाने गुलाबी दिसतात. ते ग्रॅम निगेटिव्ह.

रंगाबरोबर आकारही पाहतात. गोल जंतूंना कॉक्काय म्हणतात, काडीसारख्यांना बॅसिलाय. गोल जंतू द्राक्षाच्या घडासारखे आहेत, माळेसारखे आहेत की जोडीने आहेत, हेही नोंदवतात. उदाहरणार्थ, गळवाच्या पुवात जांभळे गोल जंतू घडाने दिसले तर स्टॅफिलोकॉकसचा संशय येतो. लघवीत गुलाबी काड्या दिसल्या तर ई. कोलायच्या गटातले जंतू असण्याची शक्यता मोठी. पुवाच्या पेशी किती आहेत हेही पाहतात. जंतू दिसले पण पुवाच्या पेशी नाहीत, तर नमुन्यात बाहेरचे जंतू मिसळलेले असू शकतात.

लक्षात ठेवा : ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे वाईट आणि ‘निगेटिव्ह’ म्हणजे चांगले, असा इथे अर्थ नाही. ही फक्त रंगावरून पडलेली दोन नावे आहेत. या एका शब्दाने घाबरून गेलेले पेशंट नेहमी भेटतात.

पांढरे जाण्याची कारणे काचेवर कशी दिसतात

निरोगी योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस नावाचे उपयोगी जंतू असतात. ते आम्ल तयार करतात आणि त्यामुळे इतर जंतू वाढत नाहीत. काचेवर ते जांभळ्या जाड काड्यांसारखे दिसतात. दोन पाळ्यांच्या मध्ये येणारा, पातळ किंवा चिकट, वास नसलेला आणि खाज न आणणारा स्राव नैसर्गिक असतो. त्याला औषध लागत नाही.

जंतूंचा समतोल बिघडणे (बॅक्टेरियल व्हजायनोसिस) : लॅक्टोबॅसिलस कमी होतात आणि बारीक, गुलाबी दिसणाऱ्या जंतूंची गर्दी होते. स्राव पातळ, करडा-पांढरा आणि मासळीसारख्या वासाचा असतो. लॅबवाले काच पाहून ० ते १० असे गुण देतात. याला न्यूजेंट गुण म्हणतात. ० ते ३ म्हणजे ठीक, ४ ते ६ म्हणजे मधली स्थिती, ७ ते १० म्हणजे हा आजार आहे. आणखी एक साधी चाचणी दवाखान्यातच होते. स्रावावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की मासळीसारखा वास एकदम तीव्र होतो.

बुरशी (कँडिडा) : स्राव दह्याच्या कवडीसारखा असतो आणि खाज फार असते. काचेवर गोल पेशी आणि धाग्यासारखे तंतू दिसतात. बुरशी वरचेवर होत असेल तर रक्तातील साखर तपासून घ्या.

ट्रायकोमोनास : हा जंतू रंगापेक्षा ‘ओल्या काचेवर’ चांगला ओळखतात. स्रावात सलाइनचा थेंब मिसळून लगेच पाहिले तर तो वळवळताना दिसतो. नमुना थंड झाला किंवा उशीर झाला तर हालचाल थांबते आणि तो ओळखता येत नाही. हा संसर्ग संबंधातून पसरतो. म्हणून नवरा-बायको दोघांनीही एकाच वेळी औषध घ्यावे लागते. एकीलाच औषध दिले तर आजार परत येतो, आणि ‘गोळ्यांनी फरक पडत नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

गनोरिया : पुवाच्या पेशींच्या आत गुलाबी जोडजंतू दिसतात. पुरुषांमध्ये ही काच खात्रीची असते. बायकांमध्ये ती बरेचदा पुरेशी ठरत नाही, वेगळ्या तपासण्या लागतात.

जिथे सूक्ष्मदर्शक नाही तिथे काय? सरकारी दवाखान्यात लक्षणे आणि तपासणीवरून ठरावीक औषधांचा संच मोफत देण्याची पद्धत आहे. पांढरे जाण्यासाठीचा संच हिरव्या रंगाचा असतो. ही पद्धत योग्यच आहे. पण या औषधाने बरे वाटले नाही, तर पुढची पायरी म्हणजे लॅब तपासणी. शस्त्रक्रिया नव्हे.

टीबीसाठी वेगळा रंग

टीबीच्या जंतूच्या भिंतीत मेणासारखा पदार्थ असतो, त्यामुळे ग्रॅमचा रंग त्याला नीट लागत नाही. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी टीबीचा जंतू शोधल्याचे जाहीर केले. त्यानंतर झील आणि नील्सन या दोघांच्या नावाने ओळखली जाणारी रंगाची पद्धत रूढ झाली. रिपोर्टवर ती ‘झेड-एन’ अशी लिहिलेली असते.

यात कार्बोल फुक्सिन हा लाल रंग काचेखालून गरम करून आत मुरवतात. मग काच सल्फ्युरिक अॅसिडने धुतात. बाकी सगळ्यांचा रंग जातो, टीबीचा जंतू मात्र लाल राहतो. शेवटी निळा रंग देतात. निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या दिसल्या तर रिपोर्ट ‘एएफबी पॉझिटिव्ह’ येतो.

जंतू किती आहेत यावरून १+, २+, ३+ असे लिहितात. शंभर ठिकाणे पाहून एकूण १ ते ९ जंतू दिसले तर ‘स्कँटी’, १० ते ९९ दिसले तर १+. प्रत्येक ठिकाणी १ ते १० दिसले तर २+, त्याहून जास्त तर ३+. आकडा मोठा असेल तर खोकल्यातून इतरांना लागण होण्याचा धोका जास्त.

एक मर्यादा लक्षात घ्या. एक मिलिलिटर बेडक्यात काही हजार जंतू असल्याशिवाय ते काचेवर दिसत नाहीत. म्हणून काच निगेटिव्ह आली तरी टीबी नाहीच असे म्हणता येत नाही. आता सीबीनॅट आणि ट्रूनॅट या यंत्रांवर जंतूचा जनुकीय अंश शोधतात. ट्रूनॅट गोव्यातल्या कंपनीने विकसित केले आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली त्याची शिफारस केली. ही यंत्रे थोडे जंतूही पकडतात आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही तेही सांगतात.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे, रात्री घाम किंवा बेडक्यातून रक्त यांपैकी काहीही असेल तर सरकारी दवाखान्यात बेडका तपासून घ्या. टीबीची तपासणी आणि औषधे मोफत आहेत. उपचार चालू असताना आहारासाठी महिन्याला १,००० रुपये बँक खात्यात जमा होतात. उसाच्या फडावर गेलात तरी औषध तुटू देऊ नका. जाण्याआधी दवाखान्यात सांगितले तर उपचार तिकडच्या केंद्रात चालू ठेवता येतो.

तिसरी पायरी : कल्चर

काचेवर जंतूचा गट कळतो, पण नाव कळत नाही. गुलाबी काड्यांसारखे दिसणारे जंतू बरेच आहेत. नाव कळण्यासाठी जंतू वाढवावे लागतात. दही लावताना विरजण कोमट दुधात घालून रात्रभर ठेवतो, तसेच हे आहे. नमुना पोषक द्रव्य असलेल्या ताटलीवर पसरतात आणि ती ३७ अंश सेल्सिअसला, म्हणजे आपल्या शरीराच्या तापमानाला, रात्रभर ठेवतात. सकाळी ताटलीवर जंतूंचे ठिपके दिसतात. प्रत्येक ठिपका म्हणजे लाखो जंतूंची वसाहत.

मॅककॉन्की नावाच्या ताटलीवर दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, वापरणारे जंतू गुलाबी ठिपके देतात. न वापरणारे फिकट राहतात. लघवीच्या कल्चरमध्ये ठिपके मोजतात. साधारणपणे एक मिलिलिटरमध्ये १ लाख किंवा त्याहून जास्त जंतू असतील तर तो संसर्ग मानतात. लक्षणे स्पष्ट असतील तर त्याहून कमी आकडाही डॉक्टर महत्त्वाचा मानू शकतात. तीन-चार प्रकारचे जंतू एकत्र वाढले तर बहुधा नमुना घेताना चूक झालेली असते आणि पुन्हा नमुना द्यावा लागतो.

चौथी पायरी : जैवरासायनिक चाचण्या

दोन जंतू दिसायला सारखे असले तरी त्यांचे खाणे-पचवणे वेगळे असते. कोणती साखर वापरतो, कोणता पदार्थ तोडतो, कोणता वायू सोडतो, यावरून जंतू ओळखतात. नेहमीच्या चाचण्या अशा :

• कॅटलेज : जंतूवर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकतात. बुडबुडे आले तर स्टॅफिलोकॉकस, नाही आले तर स्ट्रेप्टोकॉकस. जखमेवर हेच औषध टाकल्यावर फेस येतो, तो आपल्या पेशींतल्या अशाच द्रव्यामुळे.
• कोअॅग्युलेज : जंतू रक्तद्रवात मिसळून ठेवतात. तो दह्यासारखा घट्ट झाला तर स्टॅफिलोकॉकस ऑरियस. गळू, जखमेतला पू, शस्त्रक्रियेच्या टाक्यांतला पू यांत हा जंतू नेहमी सापडतो.
• ऑक्सिडेज : खास कागदावर जंतू घासतात. काही सेकंदांत जांभळा रंग आला तर पॉझिटिव्ह. स्यूडोमोनास हा चिवट जंतू यात ओळखू येतो.
• इंडोल : ई. कोलाय असेल तर नळीत वरच्या बाजूला लाल कडे दिसते.
• सायट्रेट : हिरवे माध्यम निळे झाले तर पॉझिटिव्ह. क्लेब्सिएला पॉझिटिव्ह असतो, ई. कोलाय निगेटिव्ह.
• युरियेज : पिवळसर माध्यम गडद गुलाबी होते. प्रोटियस हा जंतू हे भराभर करतो. तो लघवीतला युरिया तोडतो, लघवी अल्कधर्मी होते आणि मुतखडे तयार होतात. म्हणून वारंवार प्रोटियस सापडला तर डॉक्टर सोनोग्राफी सांगतात.
• टीएसआय : तीन साखरा असलेली एक तिरकी नळी. तिचा रंग, वायूच्या भेगा आणि काळेपणा पाहून टायफॉइडच्या जंतूसह आतड्याचे अनेक जंतू वेगळे करता येतात.

एकाच चाचणीवर निर्णय होत नाही. पाच-सहा उत्तरे एकत्र जुळवून नाव ठरते. इंडोल पॉझिटिव्ह, सायट्रेट निगेटिव्ह, युरियेज निगेटिव्ह, लॅक्टोज वापरतो, ऑक्सिडेज निगेटिव्ह : तर तो ई. कोलाय. लघवीच्या संसर्गात सगळ्यात जास्त सापडणारा जंतू हाच. मोठ्या लॅबमध्ये हेच काम यंत्र करते, पण तत्त्व तेच.

कोणते औषध लागू पडेल

नाव कळल्यावर औषधाची परीक्षा होते. जंतू ताटलीभर पसरतात आणि त्यावर वेगवेगळ्या अँटिबायोटिकच्या छोट्या चकत्या ठेवतात. जे औषध लागू पडते त्याच्या चकतीभोवती जंतू वाढत नाहीत आणि स्वच्छ वर्तुळ दिसते. वर्तुळ मोजून रिपोर्टवर लिहितात :

• एस : औषध लागू पडेल.
• आय : जास्त डोसमध्ये किंवा ठरावीक जागीच उपयोग होईल.
• आर : लागू पडणार नाही.

यादीतले महागडे औषध जास्त चांगले असे समजू नका. यादीत ‘एस’ असलेल्या औषधांपैकी साधे, तोंडाने घ्यायचे, पेशंटच्या वयाला, किडनीला आणि गरोदरपणाला चालणारे औषध डॉक्टर निवडतात. मेडिकलमधून दोन दिवसांच्या गोळ्या आणून बरे वाटले की बंद करणे ही सवय जंतूंना चिवट बनवते. मग रिपोर्टवर ‘आर’ वाढत जातात आणि साध्या लघवीच्या संसर्गाला इंजेक्शने घ्यावी लागतात.

रिपोर्टला वेळ का लागतो

पहिला दिवस : नमुना, काच, रंग. प्राथमिक अंदाज मिळतो.
दुसरा दिवस : ताटलीवर वाढ दिसते. जैवरासायनिक चाचण्या आणि औषधाच्या चकत्या लावतात.
तिसरा दिवस : जंतूचे नाव आणि औषधांची यादी मिळते.

रक्ताच्या कल्चरला पाच दिवसही लागू शकतात. टीबीच्या कल्चरला काही आठवडे लागतात, कारण तो जंतू फार हळू वाढतो. त्रास जास्त असेल तर डॉक्टर रिपोर्टची वाट न पाहता औषध सुरू करतात आणि रिपोर्ट आल्यावर गरज असेल तर बदलतात. ती चूक नाही, तीच रीत आहे.

या तपासण्या काय सांगत नाहीत

ग्रॅमच्या काचेवर कॅन्सर कळत नाही. अंगावरून जाणाऱ्या स्रावात रक्त असेल, संबंधानंतर रक्त जात असेल किंवा पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर गर्भपिशवीच्या तोंडाची वेगळी तपासणी हवी. तक्रार नसली तरी तिशीनंतर ही तपासणी करून घ्यावी. आपल्या शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात सव्वा लाखाहून जास्त बायकांवर मोठा अभ्यास झाला. तो २००९ साली प्रसिद्ध झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनेही या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाल्याचे त्यात दिसले.

पिशवी काढण्याचा सल्ला मिळाला तर

कॅन्सर, औषधाने न थांबणारा मोठा रक्तस्राव, फार मोठ्या गाठी अशा कारणांसाठी ही शस्त्रक्रिया गरजेची असते. पण होकार देण्याआधी पुढचे प्रश्न विचारा :

• आजाराचे नाव काय? ते कोणत्या तपासणीवरून ठरले?
• स्रावाची काच आणि लघवीचे कल्चर केले आहे का?
• गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी झाली आहे का?
• औषधाचा पूर्ण कोर्स झाला का? नवऱ्यालाही औषध हवे होते का?
• अंडाशय ठेवणार की काढणार?

शेवटचा प्रश्न विसरू नका. कमी वयात अंडाशय काढले तर पाळी जाण्याची लक्षणे अचानक सुरू होतात, हाडे लवकर ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. ‘काढली नाही तर कॅन्सर होईल’ असे तपासणीशिवाय कोणी सांगितले तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. ऑपरेशन तातडीचे नसेल तर आठ दिवस थांबल्याने नुकसान होत नाही.

गावात आणि फडावर काय करावे

• गाड्या निघण्याआधी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा पाटोद्याच्या ग्रामीण रुग्णालयात तपासून घ्या. कोणती तपासणी तिथे होते आणि कोणता नमुना पुढे पाठवावा लागतो हे विचारून घ्या.
• कल्चरसारख्या तपासण्यांसाठी बीडचे जिल्हा रुग्णालय किंवा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय अशा मोठ्या संस्थेत जावे लागू शकते.
• जुने रिपोर्ट आणि केसपेपर प्लॅस्टिकच्या पिशवीत सोबत ठेवा. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नव्या डॉक्टरांना त्यावरून खूप माहिती मिळते.
• पाणी भरपूर प्या. लघवी दाबून ठेवू नका.
• पाळीचा कपडा साबणाने धुऊन उन्हात वाळवा. आतून साबण किंवा डेटॉलने धुऊ नका, त्याने उपयोगी जंतू मरतात.

लगेच दवाखान्यात जा

• थंडी वाजून ताप आणि पाठीत किंवा कुशीत दुखणे
• ओटीपोटात तीव्र दुखणे, सोबत ताप
• लघवीतून रक्त
• गरोदरपणात लघवीची जळजळ, ताप किंवा पाणी जाणे
• बेडक्यातून रक्त

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गरोदर बाईला त्रास नसताना लघवीचे कल्चर कशाला?
गरोदरपणात लक्षणे नसतानाही लघवीत जंतू असू शकतात. उपचार केला नाही तर किडनीपर्यंत संसर्ग जाऊ शकतो आणि बाळ कमी दिवसांचे होण्याचा धोका वाढतो.

अँटिबायोटिक चालू असताना नमुना दिला तर?
जंतू दबलेले असतात आणि कल्चर खोटे निगेटिव्ह येऊ शकते. औषध घेतले असेल तर लॅबमध्ये त्याचे नाव आणि कधीपासून घेता ते सांगा.

टायफॉइडसाठी विडाल पुरते का?
विडाल चाचणी बरेचदा फसवते. जुन्या तापामुळेही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. तापाच्या पहिल्या आठवड्यात, अँटिबायोटिकआधी घेतलेले रक्ताचे कल्चर जास्त खात्रीचे असते.

कल्चरमध्ये ‘नो ग्रोथ’ आले, मग मला त्रास का होतो?
जंतू नसलेली कारणेही असतात : मुतखडा, बुरशी, साध्या कल्चरमध्ये न वाढणारे जंतू, मूत्रमार्गाचा टीबी. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे परत जा. तपासणी तिथेच सोडू नका.

ही माहिती तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. पण रिपोर्ट समजून घेतला तर डॉक्टरांना योग्य प्रश्न विचारता येतात. टीबीबद्दल मोफत माहितीसाठी १८००-११-६६६६ या क्रमांकावर फोन करा. घरातली बाई वर्षानुवर्षे ‘चालायचंच’ म्हणून पांढरे जाणे अंगावर काढत असेल, तर यंदा हंगामाला निघण्याआधी तिला एकदा तपासणीला घेऊन जा.